न अडकलेला कागद

झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला जन्मभर एक वाक्य ऐकावं लागतं. "तुमी आले अन् सुरू झाली बघा." डॉक्टर दिसला की पोराचं पोट दुखायचं थांबतं, तसंच हे. गिऱ्हाईक ओशाळतं, मी चहा पितो आणि मोटारसायकलला किक मारून परत हिंगोलीचा रस्ता धरतो. आत काय बिघडलं होतं ते ना त्यांना कळतं ना मला.

हिंगोलीत माझं लहानसं दुकान आहे. कार्यालयं, शाळा, पतसंस्था, नाक्यावरची झेरॉक्सची दुकानं, अशा जिल्हाभरच्या मशीन मी सांभाळत आलो. लोक इंजिनिअर म्हणतात. मी आयटीआय केलेला माणूस. सुरुवातीला दर वेळी हे सांगायचो, पण कुणी ऐकेना, म्हणून सोडून दिलं. आता गुडघे कुरकुरतात, मशीनपुढे मांडी घालून बसलं की उठायला टेबलाचा आधार लागतो. पण अजून फोन येतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फोनवर एकच रड असते, की कागद अडकला.

ज्यांना या धंद्याचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीनच्या पोटात कागद एका ट्रेमधून उचलला जातो, रबरी रोलरांमधून फिरतो, त्याच्यावर शाई बसते, ती गरम होऊन पक्की होते आणि कागद बाहेर पडतो. या वाटेवर जागोजागी पहारेकरी बसवलेले असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. सेन्सर म्हणजे समोरासमोर एक बारीक दिवा आणि एक डोळा, आणि दोघांच्या मधे प्लास्टिकची एक चिमुकली जीभ. कागद नसतो तेव्हा जीभ उजेड अडवून उभी असते. कागद आला की ती कलते, उजेड डोळ्याला लागतो आणि मशीनला कळतं, आला. कागद पुढे गेला की जीभ परत उभी राहते, अंधार होतो आणि मशीनला कळतं, गेला. डोळ्याला उजेड लागतच राहिला तर मशीन समजते की कागद गेलाच नाही, वाटेत फसला. मग ती थांबते आणि पडद्यावर लिहून दाखवते.

आता गंमत अशी, की पुष्कळदा कागद अडकलेला नसतोच. मशीनला तसं वाटत असतं. यालाच आम्ही खोटा जाम म्हणतो. खरा जाम सोपा. झाकण उघडा, चुरगाळलेला कागद ओढून काढा, संपलं. खोट्या जामात काढायला काही नसतं आणि माणूस नसलेला कागद शोधत बसतो. कनेरगाव नाक्यावरच्या एका दुकानदाराने असा कागद शोधता शोधता अर्धी मशीन खोलून ठेवली होती आणि मी गेलो तेव्हा तो स्क्रू चहाच्या बशीत घालून माझी वाट बघत बसला होता. त्याच्या मशीनला खंडेनवमीचं कुंकू भोवलं होतं. यंत्राची पूजा त्याने मनापासून केली, वरून हळदकुंकू वाहिलं आणि ते फटीतून थेट त्या जिभेच्या सांध्यात जाऊन बसलं. जीभ कललेलीच राहिली. मी ब्रशने कुंकू झाडलं, तर तो म्हणाला की पुसू नका, देवाचं आहे. शेवटी मशीनच्या बाहेरच्या अंगाला एक बोट कुंकू लावायचं आणि वरून उधळायचं नाही, असा तह झाला. तो अजून पाळतो.

पण आज जे सांगायला बसलो ते गोरेगावच्या एका शाळेच्या कार्यालयातलं.

तिथे गंगाराममामा नावाचे शिपाई होते. मशीन घेतली तेव्हापासून तीच चालवायचे. ते निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर त्यांच्या जागी संगीता नावाची एक मुलगी तात्पुरती म्हणून लागली. जवळच्याच एका खेड्यातली सून, बारावी झालेली. नवरा शेती बघायचा. पक्की नोकरी नव्हती, वर्ष नीट गेलं तर पुढे बघू, असं संस्थेने तोंडी सांगितलं होतं. ती लागली आणि महिन्याभरातच मशीन अडकायला लागली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपार झाली होती. हिंगोलीहून निघून, सेनगावचं एखादं काम उरकून गोरेगावला पोचायला मला नेहमी दुपारच व्हायची. मशीन लोण्यासारखी चालत होती. मी रोलर पुसले, सेन्सर साफ केला, माठातलं गार पाणी प्यालो आणि निघालो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा दुपारी गेलो, पुन्हा मशीन ठणठणीत. संगीता बाजूला उभी राहून सांगत होती की सकाळी फार अडकते. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, रात्रभर कागद दमट होत असतील. कागद कपाटात ठेवा म्हणून सांगितलं. तिने ठेवले. तरी फोन आलाच. मग मी एक रोलर बदलला. काही फरक नाही.

त्या कार्यालयाचे हेडक्लार्क नाईक बाबू. स्वभावाने वाईट माणूस नव्हे. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ विचारलं की मशीनमध्ये दोष आहे की नाही. मी म्हणालो, मला तरी सापडत नाही. मी खरं तेच बोललो होतो, पण त्या वाक्याचं वजन किती होतं ते मला पुढच्या खेपेला कळलं. मशीनमध्ये दोष नाही, तर मग तो कुणात आहे हे तिथे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गंगाराममामा रोज चहाला शाळेत यायचे. माझ्या हातात ही कधी अडकली न्हाई, एवढंच ते म्हणायचे आणि त्यात खोटंही काही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी गमतीने पायगुण हा शब्द काढला. गमतीत निघालेला शब्द गमतीत राहिला नाही. मग कुणी आपल्या प्रश्नपत्रिका तिच्या हाती द्यायला कचरू लागलं. कुणी म्हणायचं, ताई तुमी राहू द्या, मीच काढतो, आणि त्याच्या हाताने भराभर निघायच्या, कारण तोवर अकरा वाजून गेलेले असायचे. पण हे कारण तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं, माझ्यासुद्धा.

जानेवारीत नाईक बाबूंनी मला सांगितलं की एक तारखेपासून मशीनवर दुसरा माणूस बसवायचा ठरला आहे. संगीतासाठी दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे ती घरी जाणार होती. मी बॅग आवरून बाहेर आलो तर ती फाटकापाशी थांबलेली. रडत बिडत नव्हती. अगदी सरळ बोलली.

"काका, तुमी दर बारीला दुपारीच येता. एकदा माझ्यासंगं सकाळी या. तुमच्या समोर चालली तर मी आपली गप घरी बसते."

आपल्या धंद्यात एक घमेंड असते. गिऱ्हाईक काय सांगतं याकडे आपण अर्ध्या कानाने लक्ष देतो, कारण त्याला काय कळतं. ‘सकाळी अडकते’ हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी कागदाचा दमटपणा, रोलरची झीज, असली माझ्या ओळखीची कारणं पुढे केली. घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला निघालो. कानाला मफलर, रस्त्याच्या दोन्ही बाजूला तुरी कापणीला आलेल्या, हात गारठून गेलेले. शाळेत पोचलो तर संगीता नुकतीच एसटीतून उतरून येत होती. तिच्या गावाहून सकाळी एकच सोयीची गाडी होती. त्यामुळे शाळा भरायच्या कितीतरी आधी ती यायची आणि सगळे यायच्या आत आदल्या दिवशीचं साठलेलं काम उरकायची. गंगाराममामांचं घर शाळेच्या मागेच, ते जेवून निवांत अकराला यायचे. आत गेल्या गेल्या तिने पहिलं काम काय केलं, तर खिडकी उघडली. बंद खोलीला रात्रभराचा कुबट वास होता आणि लाइटही गेलेली होती. मामा ती खिडकी कधी उघडत नसत, धूळ येते म्हणून.

लाइट आली. मशीन गरम झाली. संगीताने एक कागद ठेवला आणि बटन दाबलं. अडकली. मी झाकण उघडून पाहिलं, आत कागदाचा तुकडाही नाही. मी तिला बाजूला केलं आणि स्वतः बटन दाबलं. अडकली.

माझ्या हातात मशीन बिघडली म्हणून मला आनंद झाला तो त्या एकाच दिवशी. संगीताने तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसते आहे, पण तसं नव्हतं.

मग मी बॅटरी घेऊन मशीनच्या बाजूला खाली बसलो, वाकून आत बघू लागलो, तर पडद्यावरचा जाम आपोआप गेला. उठलो, पुन्हा आला. पुन्हा वाकलो, गेला. दोन-तीनदा असं झालं तेव्हा मी स्वतःकडेच संशयाने बघायला लागलो. मग माझं लक्ष फरशीवर गेलं. उघड्या खिडकीतून हिवाळ्याचं तिरपं ऊन आत आलं होतं, खोली ओलांडून थेट मशीनच्या कुशीत शिरलं होतं, आणि मी वाकलो की त्याच्यावर माझी सावली पडत होती.

त्या बाजूचं झाकण नव्हतंच. आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं झाकण नाही हे इंजिनिअरला दिसलं नाही? दिसत होतं. पण आमच्या भागात बाजूचं झाकण असलेली मशीन मी फार थोड्या पाहिल्या आहेत. उन्हाळा असा, की मशीन तापली की लोक झाकण काढतात आणि समोर टेबलफॅन लावतात. बिचारीला हवा लागू द्या म्हणतात. एकदा काढलेलं झाकण परत बसत नाही आणि मशीन तशी चालतेही. त्यामुळे न दिसण्याची सवय झाली होती. मामांनी कधीतरी असंच ते काढलं असणार. खिडकी बंद आणि काम अकरानंतर, तेव्हा वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. सूर्य थेट त्या डोळ्यात बघायला लागला तो संगीता आल्यावर. बाहेरचा उजेड मशीनला आतला वाटला आणि ती नसलेला कागद मोजत बसली. ऊन वर चढलं की तिचं डोकं ठिकाणावर यायचं, नेमकं त्याच वेळी बाकीचे कामाला यायचे.

म्हणजे लोक म्हणत होते ते एका अर्थाने बराबरच होतं. ती आली म्हणूनच मशीन अडकत होती. ती लवकर येत होती आणि खिडकी उघडत होती म्हणून.

मी तिला म्हणालो, इथे उभी राहा आणि पदर असा धर. तिने मशीनच्या उघड्या बाजूवर पदर धरला. मी बटन दाबलं आणि कागद येत राहिले. सगळी थप्पी संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. ऊन सरकायच्या आत या, असा मी नाईक बाबूंना फोन केला; ते शिक्षकांना घेऊन आले, त्यांनाही दाखवलं. नाईक बाबूंनी स्वतःचा हात आडवा धरून पाहिला, काढून पाहिला, लहान मुलासारखं चार वेळा केलं. मग म्हणाले, "पोरीला उगाच तकलीफ दिली आपण." त्यांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून मी त्यांना मानतो.

राहिलं झाकण. मामांना विचारलं तर ते म्हणाले, इथंच तं हाय, आणि माठाकडे बोट दाखवलं. माठावर जे करड्या रंगाचं झाकण होतं आणि ज्याच्यावर पेला पालथा घातलेला असायचा, ते मशीनचं. प्रत्येक खेपेला ते माझ्या हातांनी उचलून मी पाणी प्यायलो होतो. मामा खूप हसले. मीही हसलो, पण जरा उशिराने.

झाकण धुऊन पुसून जागेवर बसवलं. मी हात धूत होतो तेव्हा संगीता तांब्या घेऊन आली. हातावर पाणी घालता घालता तिने जे विचारलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

"काका, मशीनचं तं कळलं. मंग घरच्याचंबी असंच काही कारण असंल का?"

घरचं काय ते तिने सांगितलं. लग्नाच्या दिवशी ती माप ओलांडून घरात आली आणि त्याच घटकेला तिकडे बोअरची मोटार जळाली. उन्हाळा, घरात पाहुणे, पाण्याचा ठणठणाट. तेव्हापासून सासूबाई तिला वाईट वागवत नसत, जेवूखाऊ नीट घालत, पण कोणत्याही नव्या कामाला तिचा पहिला हात लागू देत नसत. नवं धान्य कणगीत ती टाकणार नाही, पेरणीची पहिली मूठ ती धरणार नाही. घरात कुणी यावर भांडतही नव्हतं. ते तसंच असतं, एवढंच. शाळेत मशीन अडकायला लागली तेव्हा सगळ्यात आधी तिचं तिलाच वाटलं होतं की हे आपल्यासंगंच आलं.

मला मोटारींचं फार कळतं असं नाही, पण लाइटचं कळतं. मी विचारलं, मांडवाची लाइट कुठून घेतली होती? ती म्हणाली, शेतातल्या लाइनीवर आकडा टाकून. डीजे? तोही त्याच्यावरच. आणि पाहुण्यांसाठी पाणी पाहिजे म्हणून मोटार चालूच ठेवलेली? व्हय. मग अजून काय पाहिजे. लग्नसराईत गावोगाव असंच. होल्टेज पार पडलं की मोटार जोर लावते, जोर लावला की तापते आणि तापली की आतली तार जळते. मी तिला ते समजावून सांगितलं.

"म्हंजी माझ्या लग्नाचाच मांडव होता तं," ती म्हणाली.

"मांडव तुमच्या लग्नाचा होता, ताई. पण मोटारीला नवरी कळत न्हाई. तिला निस्तं होल्टेज कळतं."

तिने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, हे माझ्या सासूबाईला सांगाल का? बाहेरच्या माणसाने सांगितलं तर फरक पडेल. मशीनच्या कामाला आलेल्या माणसाने कुणाच्या घरात शिरू नये, हा माझा नियम. पण त्या सकाळी तो मोडला.

तिच्या घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी मशीनची गोष्ट सांगितली, मोटारीची सांगितली, होल्टेजचं जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पर मोटार तं जळलीच ना." मग चहा आला, माझी मुलंबाळं विचारून झाली आणि मी निघालो. वाटलं, पेट्रोल फुकट गेलं. इतकी वर्षं त्या मनात बसलेली गोष्ट आयटीआयवाल्याच्या चार वाक्यांनी कशी निघणार?

शाळेतून पुन्हा जामचा फोन आला नाही. संगीताचं काम चालू राहिलं. जूनमध्ये एक दिवस तिचाच फोन आला. मला वाटलं मशीन. तर म्हणाली, "काका, यंदा तिफणीवर पहिली मूठ मी धरली. सासूबाई म्हनल्या, धर." तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. छान झालं म्हणालो आणि फोन ठेवला. आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला.

कारण आता ते सोयाबीन उगवायला हवं होतं. इतकी वर्षं मी कार्यकारण सांगत फिरलो, कुंकवाचा दोष नाही, जिभेचा आहे, पायगुणाचा दोष नाही, उन्हाचा आहे, आणि आता त्यांच्या शेतासाठी माझाच जीव खालीवर व्हायला लागला. उगवलं नाही तर म्हातारी काय म्हणेल? ‘बघा, मी म्हणतच होते’ असंच ना? एकदा धरलेली मूठ पुन्हा कधीच तिच्या हातात येणार नाही. सेनगावकडे जाताना मी रस्त्याकडेची वावरं निरखून बघायचो, कुठे हिरवं दिसतंय का. देवापुढे सहसा न थांबणारा माणूस मी, पण त्या दिवसांत थांबलो. हे बायकोला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, मशीनचा जाम निघाला, तुमचाच बसला.

शेवटी राहवेना. काही काम नसताना गोरेगावला गेलो. मशीनवरून हात फिरवला, दोन-चार कागद काढून बघितले, पाणी प्यालो. माठावर आता स्टीलचं ताट होतं. मग सहज विचारल्यासारखं करून विचारलं, काय म्हणतं सोयाबीन?

"उगवलं न्हाई काका," संगीता म्हणाली.

मी पेला ताटावर पालथा घातला. ती कागदांची थप्पी ठोकून सारखी करत होती. ती केली, ट्रेमध्ये ठेवली, ट्रे आत ढकलला आणि मग माझ्याकडे वळली. चेहरा हसरा होता.

"निम्मं वावर मोकळं राह्यलं. दुबार पेरलं परवा. सासूबाई म्हनल्या, बियाणंच बोगस निघालं मेलं, कोन काय करनार. अन् दुसऱ्या टायमालाबी मूठ मलाच धरायला लावली."